पंखेवाल्यांचं विमान

पंखे दुरुस्त करणाऱ्याला गल्लीने पंखेवाले म्हणावं, यात नवल नाही. नवल हे, की हे गृहस्थ जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच भाग करत: पंखा असलेल्या आणि पंखा नसलेल्या. जेट विमान दुसऱ्या भागातलं, म्हणून त्यांच्या मनातून उतरलेलं. खरं विमान म्हणजे जुन्या लढाईतलं, नाकावर पंखा मिरवणारं. तसल्या एका विमानाचं वर्तमानपत्रातलं चित्र दुकानात डकवलेलं होतं. आपला फोटो मात्र दुकानात कुठेच नाही, हे त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला न चुकता सांगे.

तेच विमान गावाबाहेरच्या मैदानावर उडणार, आणि मग कायमचं संग्रहालयात जाणार, असं कळल्यावर पंखेवाल्यांनी दुकानाला कुलूप घातलं. माहेरी आलेल्या मुलीला दुपारची झोप हवी होती, म्हणून तिने दोन्ही पोरं त्यांच्या हवाली केली. नातू शाळेत जाणारा, बिलंदर. नात इवलीशी, बोबडी, नुकतीच लंगोटातून सुटलेली.

"बाबा, ती शू म्हणाली की थांबायचं नाही," मुलीने बजावलं. "आभाळ कोसळलं तरी."

मैदानावर कर्ण्यातून सांगितलं गेलं, विमान तीन फेऱ्या मारणार. इंजिन खोकलं, पंखा गरगरला. पंखेवाल्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला बेअरिंग कसं लोण्यासारखं चाललंय ते समजावलं. विमान उडालं, लांब जाऊन वळलं, आणि कडेवरच्या नातीने हात उंचावला. "शू."

एका काखेत नात, दुसऱ्या हाताला नातू, अशी पंखेवाल्यांनी धूम ठोकली. आइस्क्रीमच्या गाडीपलीकडे पत्र्याचे संडास होते. त्यांचा चेहरा बघूनच लोकांनी वाट दिली. आत तिला अधांतरी धरून, गुडघे कुरकुरत असताना, ते आर्जवं करू लागले, "शूऽऽ, शूऽऽ."

नात खुशीत वर छताकडे बघत राहिली. डोक्यावरून विमान गेलं. पत्रा थरथरला, मग थांबला. खाली टिपूस नाही.

बाहेर नातू आइस्क्रीमसाठी अडून बसला. त्याचं तोंड बंद राहावं म्हणून त्यांनी ते घेऊन दिलं.

दुसऱ्या फेरीला तेच. तीच शू, तीच धावपळ, तोच कोरडा दुष्काळ आणि वर तोच नुसता आवाज. रांगेतल्या एका बाईने आपुलकीने विचारलं, "आजोबा, खरं सांगा. नातीचं निमित्त करून तुम्हीच येताय ना?" रांग हसली. आणखी एक आइस्क्रीम गेलं.

शेवटची फेरी पुकारली तेव्हा पंखेवाल्यांनी नातीसमोर हात जोडले. बाळा, एवढं एक विमान जाऊ दे, मग हवं ते कर, अशी त्यांनी नातीची विनवणी केली. नातवाचं पोट एव्हाना भरलं होतं. पोट भरलं की माणसाला सद्बुद्धी सुचते.

"आजोबा, तिला झ म्हणता येत नाही."

"मग?"

"विमान झूं जातं, असं मी तिला शिकवलं. ती शू म्हणते."

"अरे गुलामा, मग मघाशीच का नाही बोललास?"

नातवाने काडी चाटून पुसून साफ केली. "तुम्ही विचारलंच नाही."

त्याचा कान पिळायलाही सवड नव्हती. विमान वळलं होतं. पंखेवाल्यांनी नातीला खांद्यावर बसवलं आणि पाय रोवले. ती ओरडली, "शू!" तेही घसा फोडून ओरडले, "हो गं माझे बाई, शू!" आजूबाजूची चार माणसं जरा सरकून उभी राहिली.

विमान खाली उतरत आलं, अगदी झाडांच्या शेंड्यांशी. नाकावरचा पंखा उन्हात चांदीच्या ताटासारखा एकसंध दिसत होता. पंखेवाल्यांना दिसायचं ते दिसलं.

तेवढ्यात वरून पुन्हा "शू" आलं. या खेपेला हळूच, आभाळाकडे बोट न करता.

मान ऊबदार झाली. मग कॉलर, मग पाठ. संडासाकडे जायचं तर मैदानाकडे पाठ करावी लागणार होती, आणि विमान तर आता कुठे चाकं टेकवत होतं. पंखेवाले जागचे हलले नाहीत.

"आजोबा," नातू म्हणाला, "ही खरी होती."

"कळलं रे बाबा," ते म्हणाले. "पंखा थांबू दे."