काचेचा दात आणि इंदापूरची केळी

अश्विनीचं लग्न मोडायला माझा एक दात पुरेसा होता, आणि तो दात धड दुखतसुद्धा नव्हता.

अश्विनी माझी थोरली मुलगी. इंदापूरजवळच्या वैभवचं स्थळ तिला मनापासून आवडलं होतं. मुलाकडचे आमच्या कोऱ्हाळ्याला येऊन मुलगी बघून गेले होते. आता आम्ही नवराबायकोने जाऊन त्यांचं घर बघायचं आणि मग दोन्हीकडून होकार, एवढंच बाकी होतं. पण माझ्या डाव्या सुळ्याला, अगदी हिरडीलगत, चांगली खाच पडली होती. (लहानपणापासून मी राखुंडीने दात आडवे घासत आलो, तवा घासतात तसे.) गार पाणी लागलं की तिथून अशी कळ जायची की माझा चेहरा आपोआप वाकडा व्हायचा.

"पाव्हण्यांनी पानी दिल्यावर असंच त्वांड केलं तर?" सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., म्हणाल्या. "त्यांना वाटंल, तुमी पान्यालाबी नावं ठिवताय. पयला दात भरून घ्या."

आज भरू, उद्या भरू करता करता जायचा दिवस उजाडला. मग त्याच सकाळी वाटेत बारामतीला उतरलो आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सुनंदा बाहेर बाकावर बसली. तिला आत घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण तिला ऐकलेलं सगळं लक्षात राहतं. मला त्यातलं फक्त भीतीदायक तेवढं राहतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. "तुम्हाला ग्लास आयोनोमर भरते," त्या म्हणाल्या. "हे दाताला आपलं आपण चिकटतं, त्यामुळे फार कोरावं लागत नाही. रंगही दातासारखाच. शिवाय त्यातून हळूहळू फ्लोराइड सुटत राहतं, म्हणजे कडेनं पुन्हा कीड लागायची भीती कमी. चावायच्या दाढेवर मोठा खड्डा असता तर दुसरं काहीतरी भरलं असतं, कारण जोरात चावण्यापुढे हे थोडं कमी पडतं. पण हिरडीजवळच्या खाचेला हेच बरं."

इथे थांबलो असतो तर सुखी झालो असतो. पण मी विचारलं, "पण ह्यात असतं काय?"

"काचेची बारीक पूड आणि एक आम्ल. दोन्ही कालवलं की सिमेंटसारखं घट्ट होतं."

त्यानंतरही त्या बरंच बोलल्या. सुरुवातीला ओल लागू नये म्हणून वरून व्हॅसलीन लावलंय, तासभर काही खाऊ नका, आजचा दिवस कडक काही चावू नका, वगैरे. पण माझं लक्ष 'काच' या शब्दापाशीच अडकून बसलं होतं. बाहेर आलो तेव्हा मला एवढंच कळलं होतं, की माझ्या तोंडात काच आहे आणि आज ती कच्ची आहे.

इंदापूरच्या एसटीत बसलो. रस्त्यात खड्डा आला की मी दोन्ही हातांनी जबडा धरायचा. जीभ तर मी उजव्या गालात कोंडून ठेवली होती. सुनंदाने विचारलं, "लई दुखतंय का?" मी मानेने नाही म्हणालो. तिला काचेचं सांगावं असं वाटलं, पण ती घाबरेल. (खरं म्हणजे ती घाबरली नसती, हसली असती, आणि ते मला त्या घडीला सोसलं नसतं.) तेवढ्यात अश्विनीचा मेसेज आला: 'पप्पा, प्लीज तिथं जास्त बोलू नका.' पोरीने आयुष्यात पहिल्यांदा मला जमण्यासारखं काम सांगितलं होतं.

वैभव आम्हाला स्टँडवर घ्यायला आला. पोरगा सरळ, हसतमुख. घर रानातच, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला केळी. त्याचे वडील बबनतात्या पटका सावरत पुढे आले. "या पाव्हणं, या. वाटंनं काय तरास?"

"हं," मी म्हणालो.

"पाऊसपानी काय म्हनतंय तुमच्याकडं?"

"हं."

तात्यांनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पाणी आलं, ते मी मान उजवीकडे कलती करून घोट घोट प्यायलो. काचेच्या गलासातून चहा आला, तोही तसाच. वैभवची आई दाराआडून माझी कलती मान बघत होती. त्या बाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. आता कळतं, त्यांना वाटत होतं की घर माझ्या पसंतीला उतरलेलं नाही. माझ्या मनात मात्र एकच घोकणी चालू होती: आजचा दिवस निघू दे, देवा, आणि पोरीचं जमू दे.

मग तात्या उठले. "चला, रान दावतो."

उसाच्या माणसाने उसाच्या माणसाला रान दाखवायचं म्हणजे शेवट कुठे होतो ते मला ठाऊक होतं. तात्यांनी बांधावर उभं राहून एक सणसणीत ऊस तोडला, शेंड्याचं हिरवं वाढं उडवलं आणि बुडख्याकडची कांडी माझ्या हातात दिली.

"चाखून बगा. पाव्हण्यानं ऊस चाखला म्हंजी घर बघून झालं, असं आमचा म्हातारा म्हनायचा."

आता आमच्याकडे ऊस चाखायचा म्हणजे दातांनीच सोलायचा. कोयत्याने गंडेऱ्या करून द्यायच्या त्या पोरासोरांना आणि बोळक्या म्हाताऱ्यांना. मी गंडेऱ्या मागितल्या तर मुलीचा बाप कमजोर ठरणार. नको म्हणालो तर पाव्हणा घराला नाक मुरडतोय असं होणार. आणि सोलला तर काच! मी सुनंदाकडे पाहिलं. ती दात आवळून हसत होती आणि डोळ्यांनी म्हणत होती, खा की मुकाट.

मी विचार केला, डावी बाजू कच्ची असली तरी उजवी धडधाकट आहे. जन्मात कधी उजवीकडून ऊस सोलला नव्हता, पण अश्विनीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, कांडी उजवीकडे घातली आणि ओढली.

कट्ट.

आवाज डोक्यातच झाला. तोंडात काहीतरी टणक, टोकदार आलं. थुंकायचं सोडून मी घाबरून ते गिळलं. आणि दात भरल्यापासूनचं माझं पहिलं पूर्ण वाक्य बाहेर पडलं: "काच गिळली!"

"काच?" तात्यांचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या उसात?"

"उसात नव्हं वो," घरातून वैभवची आई धावत आली, "च्याच्या गलासाची टवकी गेली असंल. कवाधरनं म्हनतीया, ती गलासं टाकून द्या, टाकून द्या." ती तशीच आत पळाली आणि एका गलासाला खरंच टवका गेलेला सापडला. जुनाच, पण तेव्हा तो जुना की नवा कोण बघतंय? ती माउली डोळ्यांना पदर लावून बसली.

"केळी आना!" मला अंगणात आणून बसवत तात्या ओरडले. आमच्या मुलखात कुणी टाचणी, खिळा, काहीही गिळलं की केळी चारतात. केळ्यात गुंडाळून ते बिनबोभाट बाहेर पडतं, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. आणि तात्यांकडे केळीची बागच होती.

"तात्या, ती काच तुमची—"

"बोलू नगा, आतडं कापंल." एक केळं तोंडात.

"दातातली—"

"गिळा आदी." दुसरं केळं.

मी सांगायला तोंड उघडायचो आणि त्यात केळं यायचं. वाटलं, संपलं. अश्विनीच्या लग्नात अक्षता टाकायला मी नसणार. आणि असलो तरी लग्न या घरात होणार नाही, कारण ज्या घरात बापाच्या पोटात काच गेली तिथे मुलगी कोण देईल, आणि असला बाप कोण व्याही करेल? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांना वाटलं, दुखायला लागलं. त्यांनी आणखी एक केळं सोललं.

शेवटी मी केळ्यातूनच बोट दाताकडे दाखवलं. सुनंदाला उमजलं. "दातात? सकाळी भरला त्यात काच हाय व्हय? आन् मला आत्ता सांगताय?" तिने तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, ते घट्ट झालं की त्यात टोकदार काच राहत नाही," बाई म्हणाल्या. "बारीकसा तुकडा गिळला तरी पोटाला काही होत नाही. आधी तोंडात बघा तरी, निघालंय का ते."

वैभव मोबाइलची बॅटरी लावून पुढे झाला. होणाऱ्या जावयापुढे मी अंगणात मान वर करून आ केला.

"डाव्या सुळ्यावरचं हाय की जागंवर," तो आत बघत म्हणाला. "चांगलं चिकटलंय. पर उजव्या बाजूला एक दात अर्धाच हाय."

फोनवरून बाई म्हणाल्या, "उजव्या बाजूचा? पण तिकडचे दात तर चांगले होते."

म्हणजे मी माझाच दात गिळला होता. अंगणात कुणी हसेना. तात्या हातातलं अर्धं सोललेलं केळं घेऊन तसेच उभे होते. वैभवच्या आईने पदर खाली घेतला आणि विचारलं, "मंजी माज्या गलासाचं न्हवतं?"

"न्हाय ओ ताई," सुनंदा म्हणाली. "आमच्याच मान्साचं."

"आन् आल्याधरनं हं हं करत हुता ते?"

"ते दाताला भिऊन. घर तर लई पसंत हाय आमाला."

एवढं झालं आणि माझा फोन वाजला. अश्विनी. मी बोलायच्या स्थितीत नव्हतो, म्हणून तात्यांनीच तो घेतला. पोरीचं सगळं आता त्या माणसाच्या तोंडी होतं.

"पोरी," तात्या म्हणाले, "तुज्या बापानं आमचं घर बघितलं, आमी तुज्या बापाचं त्वांड आतनं बघितलं. आता बघायचं काय राह्यलं न्हाय. तारीख काढू."

तेव्हा सगळे हसले. मीही हसलो, डावीकडून.

पुढच्या आठवड्यात तुटलेल्या दातावर कॅप बसवायला गेलो. या वेळी सुनंदा आत आली. "ही कशानं चिकटवनार?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "त्याच सिमेंटनं, त्याचा हाही एक उपयोग." सुनंदा त्यांना हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नगा." मी खुर्चीत आ करून सगळं ऐकत होतो.

लग्न थाटात झालं. अश्विनी सुखात आहे. विहीणबाईंनी ते जुने गलास टाकून नवा काचेचा सेट आणलाय, छान फुलाफुलांचा. इंदापूरला गेलो की सगळ्यांना त्यातून चहा येतो. मला स्टीलच्या पेल्यातून येतो, आणि सोबत न मागता एक केळं.