आबा आणि दोन मीटर

आबा कॅन्सरने नाही गेले.

आधी हेच लिहिते, कारण काल सकाळपासून सगळे तेच समजतायत. हार्ट बंद पडलं. झोपेतच.

मी कधी पोस्ट टाकत नाही. शाळा नववीत सोडली, लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

आबा म्हणजे माझे आजोबा. घाटकोपरला आयुष्यभर रिक्षा चालवली, पण बोलणं मालवणीच. लहानपणी मला मागे बसवून फिरवायचे. मी सारखी मीटरचे आकडे बघायचे.

"मीटराकडे बघू नको गो. गपचूप बस."

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला होता. गोळ्या झाल्या, केमो झाली. मग डॉक्टर म्हणाले, एक नवीन औषध आहे. सलाईनमधून देतात. ते रक्तातून जाऊन कॅन्सरच्या पेशी शोधतं, त्यांना चिकटतं आणि तिथेच रेडिएशन देतं.

आबा लगेच, "म्हंजे रिक्षाच मगे. पत्तो दिलो काय थंय नेऊन सोडता."

डॉक्टर पण हसले.

पहिल्या डोसने खरंच फरक पडला. रिपोर्टचा आकडा खाली आला. हाडं दुखायची कमी झाली. जिना स्वतः चढायला लागले.

मागच्या आठवड्यात दुसरा डोस झाला. एक रात्र हॉस्पिटलच्या वेगळ्या रूममध्ये ठेवलं. सोडताना कागद दिला. आठवडाभर सगळ्यांपासून दोन मीटर लांब राहायचं. घरात प्रेग्नंट बाई असेल तर वेगळ्या खोलीत झोपायचं.

"दोन मीटर? माझ्या रिक्षेक तर एकच होतो!"

आमची चाळीत एकच खोली. वहिनीला सातवा महिना. म्हणून आबांसाठी खाली मंडळाची खोली मागितली, त्या खोलीला स्वतःचा संडास आहे. पप्पांनी टेपने मोजून दाराबाहेर खडूची रेष मारली. डबा द्यायचं काम माझं. दारातल्या स्टुलावर ठेवायचा, मागे येऊन रेषेवर उभं राहायचं. मग आबा उठून घ्यायचे.

पोरं जाताना विचारायची, "आबा, रात्री चमकता काय?"

"होय तर! लाईटबिल वाचता मंडळाचा."

आता माझं. मला लोकांसमोर बोलता येत नाही. शाळा पण त्यामुळेच सुटली. घरी बसून इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवते, कोणाशी बोलावं लागत नाही.

आणि आबांना कमी ऐकू यायचं.

"आबा, मीठ बरोबर आहे का?"

"काय?"

"मीठ..."

"मोठ्यान बोल गो! माका ऐकाक येणा नाय!"

मी ओरडलेच मग. "मीऽऽठ बरोबर आहे काऽऽ?"

वरच्या गॅलरीतून काकी बाहेर. "अगं बाई, हिला आवाज आहे?"

आबा एवढे खूश. "माझी नात आसा ती! हॉर्न उशिरा वाजलो, पण वाजलो!"

सहा दिवस मी असंच ओरडून बोलले. सगळ्या चाळीसमोर. एवढं मी आयुष्यात बोलले नसेन.

काल सातवा दिवस. संध्याकाळी ते घरी येणार होते. तोंड कोरडं पडायचं त्यांचं, म्हणून आईने सोलकढी करायला घेतली होती.

सकाळी चहा स्टुलावर ठेवला. रेषेवर आले.

"आबा, चहा!"

परत मोठ्याने. परत.

गॅलरीत सगळे बाहेर आले. कोणी हसलं नाही.

मी रेषेवरच उभी होते. कागदावरचा आठवडा संध्याकाळी संपणार होता ना. म्हणून नुसती ओरडत राहिले. आत गेले नाही.

आई धावत खाली आली आणि रेष न बघताच आत गेली.

हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी सांगितलं तसंच पुढचं सगळं केलं. फोन चालू असतानाच मी तो आईकडून घेतला आणि स्वतः विचारलं, मी आत गेले असते तर?

डॉक्टर म्हणाले, "ते पहाटेच गेले असावेत, बाळा. पण दोन मिनिटं जवळ गेली असतीस तर तुला काही झालं नसतं. ते अंतर जास्त वेळ जवळ राहू नये म्हणून असतं."

दोन मिनिटं चालली असती.

हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? मीच का नाही विचारलं?

अजून खरं वाटत नाहीये. चहा भरून ठेवलेला कप तसाच आहे स्टुलावर.

आबा, आता मी मोठ्याने बोलतेय. सगळे ऐकतायत.

गपचूप बसा. मीटरकडे बघू नका.

नीट जा.