वजन पुकारलं, भाव झाकला

माझ्या भावाला अमेरिकेनं फसवलं, आणि फसल्याची शिक्षाही त्यालाच दिली. हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं रागात सांगणार आहे, थोडं पुढंमागं होईल.

मंचरचा एक खासगी दवाखाना. माझा थोरला भाऊ इस्माईल, ज्याला मी भाई म्हणतो, बरीच वर्षं अमेरिकेत राबून परत आला तेव्हा त्याच्या उजव्या पायाची बोटं काळी पडली होती. साखरेचा आजार. बोटं काढायची होती. त्यासाठी भूल द्यायची, आणि भुलीसाठी वजन हवं. भाई तिथल्या काट्यावर उभा राहिला. वजन त्या काट्याच्या आवाक्याबाहेरचं; आकडा आलाच नाही, नुसत्या रेघा आल्या. दार उघडं होतं, बाहेर बाकावर पेशंट बसले होते. डॉक्टर मला म्हणाले, "तुमचा मार्केटला गाळा आहे ना? तिथं करून आणा वजन. कांदा तोलता, त्यातच हे एक पोतं."

नर्स हसली. बाकावरचे हसले. भाई चप्पल शोधत राहिला. त्याला वाकता येईना. मी ती त्याच्या पायात घातली.

मी गप्प बसलो. मी, ज्यानं पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि भांडून भांडून जुन्नरच्या बाजारात स्वतःचा गाळा उभा केला. माझ्याशी घासाघीस करायला जुने व्यापारीही कचरतात. पण भाईचा पाय त्यांच्या हातात होता. गरज आपली असली की भाव करता येत नाही. हे मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. माल काट्यावर चढला की मापाडी वजन मोठ्यानं पुकारतो. सगळ्यांनी ऐकावं म्हणून. भाव मात्र जुने लोक रुमालाखाली करायचे. दोघांचे हात रुमालात, बोटं दाबून आकडा सांगायचा. आता कायद्यानं उघडा लिलाव आहे, तरी रुमाल पुरता गेलेला नाही. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असतो आणि त्याला काही कळत नाही.

लिलाव संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर मी भाईला मोठ्या काट्यावर नेलं. आमचा बबन मापाडी काट्याशी उभा होता. आकडा स्थिर झाला आणि बबननं तो पुकारला. लांब हेल काढून, नेहमीसारखा. पुढं मालाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. एकदा पुकारला गेला, तेवढा पुरे.

शेडमधले हमाल वळून बघायला लागले. एक जण म्हणाला, "अमेरिका लई मानवली राव, इस्माईलभाईला." मी बबनची कॉलर धरली. तो रडवेला झाला. "मुद्दाम न्हाई केलं, शेठ. काट्यावर काय आलं की त्वांडातून निघतंच."

"सोड त्याला," भाई म्हणाला. तो काट्यावरच बसला होता. "तिकडं पण असंच व्हतं. वजन सगळे सांगतात."

मग तो पहिल्यांदा बोलला. इतकी वर्षं फोनवर नुसतं 'मजेत' म्हणायचा. तिकडं तो पेट्रोल पंपावरच्या दुकानात होता. एक पाळी तिथं, दुसरी एका गोदामात. राहायचा तिथून चालत जाण्यासारखा रस्ताच नव्हता, नुसत्या गाड्या. भाजी मिळायची ते दुकान लांब. दुकानात होतं तेच खायचं. तळलेलं, पाकीटबंद, आणि बादलीएवढ्या ग्लासात गोड पेय, संपलं की पुन्हा भरून. पावसुद्धा गोड. रात्री उरलेलं मालक कामगारांना देऊन टाकायचा, मेहेरबानी म्हणून. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बाया, ट्रकवाले, सगळे असेच सुजलेले. मेजवानी कोणीच झोडत नव्हतं. स्टिअरिंगवर डबा ठेवून घास गिळायचे आणि कामाला पळायचे. सडपातळ असायचे ते मोठ्या घरांतले. ते भारी बूट घालून पळायला निघायचे आणि पाण्याची बाटली घ्यायला दुकानात यायचे. भाईकडं बघून नाक मुरडायचे.

"ताजं महाग आणि तळलेलं स्वस्त," भाई म्हणाला. "मला वाटायचं, मी शहाणपणानं पैसे वाचवतोय."

माझ्या डोक्यात तिथं काहीतरी पेटलं. मी माल विकणारा माणूस. शेतातून उचलला तसा बटाटा महाग, आणि सोलून, कापून, तळून, रंगीत डब्यात भरला की स्वस्त? असा धंदा होत नाही. मधला फरक कोणीतरी भरतं. भाई म्हणाला, तिकडं सरकार मक्याला अनुदानाचा हात देतं, मक्याचा गोड पाक होतो, आणि तो पाक कंपन्या जिथंतिथं ओततात. म्हणजे सौदा झाला होता. सरकार आणि कंपनी, दोघांचे हात रुमालाखाली. खाणारा समोर उभा आणि त्याला पत्ता नाही. फरक माझ्या भावानं भरला. पायाच्या बोटांनी.

आम्ही दवाखान्यात परत गेलो. डॉक्टरांनी बाकावरच्या लोकांदेखत विचारलं, "बोला, किती भरलं पोतं?"

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. म्हणालो, "आकडा तुमच्या कानात सांगेन. पोतं म्हणालात तर भावाला उचलून पुण्याला नेईन, आणि का नेलं ते या बाकावरच्या प्रत्येकाला सांगून जाईन."

"अहो, खाण्यावर ताबा नाही, त्याला मी काय करू?"

"तो ताबा कोणी काढून घेतला, ते शिकलात का कुठं?"

डॉक्टरांनी कान पुढं केला आणि आकडा लिहून घेतला. ऑपरेशन केलं. बोटं गेली. जखम भरत नाही. आता घोट्यापासून पाय काढायचं म्हणतात. भाई भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. पाहुणे येतात, पोटाकडं बघतात. मी आता त्यांना दारातूनच परत पाठवतो.

आणि जुन्नरपासून पारगावपर्यंत एकेका टपरीवर तीच पाकिटं माळेसारखी लटकली आहेत. तोच गोड माल, तोच स्वस्त भाव. गोदामासाठी माझ्या गाळ्यामागची जागा मागायला त्या पाकिटांच्या कंपनीचा माणूस आला होता. हडकुळा, मनगटात पावलं मोजायचं घड्याळ. मी त्याला उभ्या उभ्या हाकललं. माझ्या जागेत तो माल उतरणार नाही. उतरवणाऱ्याशी माझं भांडण आहे, कायमचं.

माझ्या भावाचं वजन भर बाजारात पुकारलं गेलं. सगळ्यांनी ऐकलं. आता रुमाल उचला. खाली कोणाचे हात होते, कोणी कोणती बोटं दाबली, ते त्याच बाजारात, तेवढ्याच मोठ्यानं सांगा. अमेरिकेतल्यांनी सांगा आणि इथल्यांनीही सांगा. तुम्ही सांगेपर्यंत माझ्या भावाला कोणी खादाड म्हणायचं नाही.