हात नावाचा रिकामा भाग

सांता फे प्रांतातल्या त्या पेरणीयंत्रांच्या कारखान्यात ओदिला बेर्तोरेल्लो आराखडे काढायची, आणि तिची पद्धत झाडूवाल्यालाही पाठ होती. नवं यंत्र काढायचं म्हटलं की बाकीचे एकदम नट-बोल्टांवर तुटून पडत. ही बाई संगणकापुढे बसून आधी नुसती नावं लिहीत सुटायची. चौकट. चाकं. बियाण्याची पेटी. साखळी. साखळीचं झाकण. कशालाच धड आकार नाही, वजन नाही, स्वतःची फाईल नाही. सगळे आभासी भाग, यंत्राच्या एकाच मोठ्या फाईलमध्ये पाहुण्यासारखे उतरलेले. कोण कोणाच्या पोटात बसणार नि कोण कोणावर टेकणार, हे एकदा ठरलं की मग एकेकाला अंग यायचं आणि स्वतःचा क्रमांक मिळायचा.

यादीच्या पहिल्या ओळीत, चौकटीच्याही आधी, एक नाव असायचंच: हात. बारा सेंटीमीटर रुंद आणि नऊ उंच असा एक ठोकळा, साखळीच्या झाकणाखाली. हा भाग कधीच बनायचा नसे. बाकीच्यांनी त्याला जागा सोडून बसायचं, म्हणजे यंत्र तयार झाल्यावर तिथे पोकळी उरायची.

लोक म्हणत, बाईचं खूळ. खूळबीळ काही नव्हतं. ओदिला एकोणीस वर्षांची असताना तिने कागदावर पेन्सिलीने असंच एक झाकण काढलं होतं, खाली आठ सेंटीमीटर रुंद फट ठेवून. अडकलेली साखळी मोकळी करायला सिरिलो नावाच्या जोडाऱ्याने उजवा हात त्या फटीत घातला, तेवढ्यात ट्रॅक्टर हलला, आणि घट्ट बसलेला हात वेळेत बाहेर निघाला नाही. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, तळव्याच्या कडेसकट. कामगाराचा निष्काळजीपणा, असं कागदोपत्री लिहिलं गेलं आणि ओदिला गप्प बसली. सिरिलो डाव्या हाताने पाना धरायला शिकला, गावाने त्याचं नाव डावरा ठेवलं, तोही हसून त्या नावाला ओ द्यायला लागला. तेहतीस वर्षं झाली, पण कोणी ‘ए डावऱ्या’ म्हणून हाक मारली की ओदिला नजर दुसरीकडे वळवायची.

यंदाचं यंत्र मालक एर्मेते यांनी मुलाकडे सोपवलं होतं. ग्वीदो त्याचं नाव, रोसारियो शहरातून इंजिनिअर होऊन आलेला. सहा आठवड्यांनी त्याने यादी उघडली आणि कपाळाला हात लावला.

“ओदिला, नावं त्रेचाळीस आणि फायली अकराच? सहा आठवडे केलंत काय?”

“विचार.”

“विचाराला वजन नसतं.”

“म्हणून तर तुला तो उचलता येत नाही,” ओदिला म्हणाली. ग्वीदोला तिने लंगोटात पाहिलेलं, तेव्हा ती कशाला कचरते!

ग्वीदोने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय? वजन शून्य, किंमत शून्य, विकत आणायचं नाही, बनवायचं नाही. मग यादीत कशाला?” आणि तिच्यादेखत त्याने तो भाग पुसून टाकला.

ग्वीदो जेवायला गेल्यावर ओदिलाने ‘हात’ परत घातला. दुसऱ्या दिवशी त्याने काढला, तिने घातला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने फाईलच कुलूपबंद केली, पेटी मोठी केली आणि झाकणाखालची फट आणून ठेवली आठ सेंटीमीटरवर. पडद्यावर तो आकडा पाहिला आणि ओदिलाचं डोकं सणकलं. आठ! जगात दुसरा आकडा नव्हता का याला?

मालक एर्मेते यांचा जुना नियम होता की आराखडा काढणाऱ्याची सही झाल्याशिवाय पत्र्याला करवत लावायची नाही. ग्वीदोने कागद पुढे केला, ओदिलाने टोपण न काढता पेन खिशात ठेवलं.

“सही करणार नाही.”

“झाकण उघडून साखळी साफ करायची, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिणार आहोत.”

“पुस्तिका वाचून शेती करणारा एक तरी माणूस दाखव मला. पेरणीच्या घाईत, आभाळ भरून आलेलं असताना, सहा बोल्ट कोण उघडत बसतो? हातच घालतो.”

माटेची, म्हणजे वाळल्या भोपळ्यातून नळीने आळीपाळीने प्यायच्या कडसर चहाची, फेरी चालू होती. ग्वीदोने गरम पाणी ओतलं आणि भोपळा तिच्यापुढे धरला. “घ्या हो. एवढं काय मनाला लावून घेता?”

ओदिलाने भोपळ्याला हातही लावला नाही. “धन्यवाद,” म्हणाली.

खोलीतल्या चौघांनी एकदम माना वर केल्या. माटेच्या फेरीत धन्यवाद म्हणायचं ते पोट भरल्यावर, आता मला नको असं सांगायला. पहिला घोटही न घेता म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. ग्वीदो कानापर्यंत लाल झाला.

“ठीक आहे. सही मी करतो. शुक्रवारी यंत्र जोडून होईल. त्यानंतर तुमचं टेबल रिकामं करा.”

“घोडामैदान जवळच आहे,” ओदिला म्हणाली. बोलून गेली खरी, पण घरी जाताना तिला एकच प्रश्न पडला. बावन्नाव्या वर्षी दुसरं टेबल तिला कोण देणार होतं?

शुक्रवारी ती जोडणीच्या शेडमध्ये उतरली ती काखेत लाकडाचा एक ठोकळा घेऊन. बारा बाय नऊ. सुताराकडून तिने तो मुद्दाम कापून घेतला होता. हिरवंगार रंगवलेलं यंत्र उभं होतं, शेजारी म्हातारे एर्मेते काठीवर भार देऊन. ओदिलाने सगळ्यांदेखत ठोकळा फटीला लावला. तो आत जाईना.

ग्वीदो हसला. “लाकडाला हात म्हणतात होय? हात दाखवतो मी. ए डावऱ्या, इकडे ये. हात घाल.”

सिरिलोने बाही वर केली आणि उजवा हात फटीत घातला. सुळकन मनगटापर्यंत आत, सुळकन बाहेर.

“बघा! गेला की नाही?” ग्वीदो बापाकडे वळला.

“गेला,” सिरिलो शांतपणे म्हणाला. “आता पाच बोटांचा घेऊन या.” आणि उरलेली तीन बोटं त्याने मालकाच्या मुलाच्या डोळ्यांपुढे पसरून धरली. “तुमचाच घाला ना. धडधाकट आहे.”

सगळी शेड बघत होती. आता माघार घेतली तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. ग्वीदोने हात घातला. बोटं गेली, पेरं गेली, तळवा जोर लावल्यावर आत सरकला. मग तो बाहेर काढायला गेला, तर हात येईना. ओढला तसा आणखी रुतला.

“बाबा, जरा झाकण उघडायला सांगा.”

एर्मेते जागचे हलले नाहीत. त्यांनी विचारलं, “सही कोणाची आहे यावर?”

“माझी.”

“मग थांब जरा तिथेच. ओदिला, तू का केली नाहीस?”

इतक्या माणसांपुढे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. “कारण एकदा केली होती,” ती म्हणाली. “सिरिलोचा हात गेला ते झाकण मी आखलं होतं. आठ सेंटीमीटर. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि तेहतीस वर्षं मी तोंड उघडलं नाही.” मग सिरिलोकडे वळून, “तुला सांगायला हवं होतं रे.”

सिरिलोने डाव्या हातात पाना घेतला. “मला काय सांगतेस, ओदी? आराखड्याचा कागद भिंतीवरच लावलेला होता. खाली तुझी सही. दवाखान्यातून आलो त्याच दिवशी वाचली.”

“आणि बोलला नाहीस?”

“पुढच्या यंत्राला फट बारा झाली. त्याच्या पुढच्यालाही बाराच. दर वेळी मोजायचो मी. मग काय बोलायचं?”

तो खाली बसला आणि एकेक करत सहा बोल्ट उघडले, अगदी सावकाश. कोणी त्याला घाई केली नाही.

दुपारी वर खोलीत ग्वीदो संगणकापुढे बसला. पेरं सोलून सुजली होती, म्हणून एका बोटाने टंकत होता. ओदिला मागे उभी होती. टेबल तिने रिकामं केलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

“नाव?”

“हात.”

“वजन शून्यच?”

“शून्य. आणि आता आभासी ठेवू नकोस. स्वतःची फाईल कर, क्रमांक दे. उद्या तुझ्यासारखा कोणी आला तर रिकामा समजून पुसायला नको.”

त्याने पहिला क्रमांक टाकला आणि फाईल जतन केली. मग पाणी गरम केलं, भोपळा भरला आणि तिच्यापुढे धरला. ओदिलाने नळी सुरसुर वाजेपर्यंत माटे संपवला, रिकामा भोपळा त्याच्या हातात परत दिला आणि धन्यवाद म्हटलं नाही.