लखपती मनुबाई

मला कुणी शिकवायला येऊ नका. गावात जो तो आता तोंड वर करून सांगतोय, संयोगिता, तू असं करायला नको व्हतंस. मला ठावं हाय ते, तुमच्या आधी ठावं हाय. पण मनुबाईला ज्यांनी जन्मात कवा घोटभर चा पाजला न्हाई, त्यांनी तिच्यावरनं मला बोलू नये. बोलायचं तर मीच बोलते, आन् सगळं बोलते.

मनुबाई माझी शेजारीण. तिच्या आन् माझ्या घराच्या मधी फकस्त एक बोळ. माहेर तिचं लांब, खंडाळ्याकडं. सतराव्या वर्सी लगीन करून हिकडं वारणेकाठाला आली, ती परत माहेराला गेली असंल चार-पाच येळा. नवरा लालासाहेब ट्रॅक्टरवर ड्रायव्हर व्हता, कारखान्याला ऊस ओढायचा. माणूस वाईट न्हवता, पण पिऊन पिऊन काविळीनं गेला. मागं राहिली ही आन् पूजा.

पूजा चार वर्साची असताना ताप डोक्यात गेला, आन् तवापास्नं तिला आकडी यायची. पोर अंगानं वाढली, बुद्धी तिथंच राहिली. बावीस वर्साची झाली तरी तोंडात दोन-चारच शब्द, त्यातला 'आय' तेवढा नीट. ताटली आन् चमचा घेऊन दारात बसायची आन् वाजवायची. घरी असली की नुसतं टण टण टण. मी कवा कवा बोळातनं वरडायचे, की बाई, जरा दम धर. मंग ती हसायची आन् आणखी जोरात वाजवायची.

मिरजेच्या डॉक्टरनं मनुबाईला एकच गोष्ट सांगितल्याली. सकाळी दोन, सांजच्याला दोन, गोळी चुकवायची न्हाई. हिनं ती देवाच्या आणेवानी पाळली. गोळ्या पावडरच्या डब्यात, डबा देव्हाऱ्यात. पोरीला घास भरवायच्या आधी गोळी, सोताच्या तोंडात पाणी घालायच्या आधी गोळी. तीन वर्सं झाली, पोरीला एक आकडी आली न्हवती.

ह्या गोळ्या यायच्या कशातनं, तर सरकारच्या निराधार योजनेच्या पैशातनं. आमच्याकडं त्याला पगारच म्हणत्यात. मनुबाईला पगार सुरू झाला त्याला धा वर्सं झाली असतील. तो आला की हिनं तालुक्याला जायचं, गोळ्यांची पाकिटं आणायची. पगाराचं तेवढंच काम. पोटाचं काय, असं तुमी इचाराल. पोटासाठी ती कामाला जायची, गुपचूप.

पगार घेणाऱ्यानं कामच करायचं न्हाई, असं कुठं लिवलंय का ते मला म्हाईत न्हाई. पण वर्साचं उत्पन्न ठरल्याल्या आकड्याच्या वर गेलं की नाव कटतं. त्या आकड्यात एक माणूसबी जगत न्हाई, हे सगळ्या गावाला ठावं. म्हणून पगारवाल्या बाया कामाला जात्यात आन् कुणी तोंड उघडत न्हाई. तसं चालतं, चालू द्यायचं असतं.

मनुबाई वीरधवलच्या रोपवाटिकेत अर्ध्या रोजानं जायची. उसाची रोपं करत्यात तिथं. कांडीचा एकेक डोळा कापायचा, ट्रेच्या खळग्यात नारळाचा भुसा भरायचा आन् त्यात डोळा लावायचा, वर तोंड करून. मनुबाईच्या ट्रेत एक डोळा उलटा सापडायचा न्हाई. वीरधवल लय मागं लागायचा, दिसभर थांबा म्हणून. ही एक वाजला की हात धुवायची, हिरव्या जाळीखाली बसवल्याल्या पूजाला उठवायची, आन् चालायला लागायची. अर्धा रोज म्हंजे अर्धा रोज. त्याच्या वर न्हाई, पोरीपायी आन् पगारापायीबी.

आता माझं सांगते. मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष. धावी पास हाय, कागदपत्रं मला जमत्यात, त्यामुळं डोक्यात जरा हवाबी हाय, ते मी न्हाई म्हणत न्हाई. गेल्या साली महिला दिनाला तालुक्यातनं सांगावा आला, की गटातल्या वर्साला लाख कमावणाऱ्या तीन बाया द्या, त्यांचा सत्कार हाय. ज्या गटाची यादी पुरी, त्याला शेवयांचं मशीन. दोन बाया माझ्याकडं व्हत्या, एक म्हशीवाली आन् एक शिलाईवाली. तिसरीचं नवऱ्यानं आदल्या दिवशी नाव काढून घेतलं. रेशनकार्डाला डाग नको, म्हणाला. तो शहाणा निघाला.

मी बोळ वलांडून मनुबाईकडं गेले. म्हणलं, तुमचं नाव देते. ती भाकरी थापत व्हती, हात तसाच राहिला तिचा. म्हणाली, "संयोगिता, माझा पगार जाईल गं."

मी हसले. ह्याचं मला आजबी आग लागल्यागत व्हतंय. मी हसले आन् म्हणलं, कोण बघतंय, एका दिवसाचा तर खेळ, ती कचेरी निराळी, ही कचेरी निराळी. वर आणखी बोलले, की तुमाला जन्मात कुणी शाल घातलीया का? सगळं गाव तुमाला बिचारी बिचारी म्हणतंय, एकदा टाळ्या वाजवू दे की. तवा तिनं मान खाली घातली. मी त्याला व्हय समजले.

यादीत मी लिवलं, मनुबाई, रोपवाटिका व्यवसाय, उत्पन्न एक लाख वीस हजार. वीस हजार कशाला, तर नुसता लाख लिवला तर खोटा वाटंल म्हणून. सत्काराला ती माझीच हिरवी साडी नेसून आली. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. पूजा पुढं बसल्याली, ती आयला स्टेजवर बघून टाळ्या वाजवत सुटली, थांबायलाच तयार न्हाई. फोटोत मनुबाई हसतीया. मी तिला तशी हसताना त्याच्या आधी बघितली न्हवती.

दुसऱ्या दिवशी ष्टँडवर फ्लेक्स लागला. मीच लावला, गटाच्या खर्चानं. तीन बायांचे फोटो, मधी मनुबाई, कारण तिचा फोटो चांगला आल्याला. वर मोठ्या अक्षरात, 'आमच्या गावच्या लखपती'. खाली माझा फोटो, अध्यक्षा म्हणून. पूजाला कुठं न्यायचं झालं की ती फ्लेक्सपाशी अडायची. बोट दावायची आन् म्हणायची, आय.

एप्रिलमधी निराधारची तपासणी आली. कोण जिवंत हाय, कोण मेलं, कुणाचं उत्पन्न किती, हे बघायला कचेरीतला माणूस यष्टीनं आला आन् उतरला ते नेमका फ्लेक्सखाली. चावडीत मनुबाई त्याच्यापुढं अंगठा द्यायला उभी राहिली, तर तो नुसता बघत राहिला. मंग म्हणाला, बाई, तुमचा फोटो हाय न्हवं भायेर? माणूस उद्धट न्हवता. त्यानं प्रमाणपत्राचंबी इचारलं, तर हिनं लेकरागत खरं सांगितलं, की व्हय, घरात हाय.

मे महिन्यात पगार आला न्हाई. जूनमधी कळलं, नाव कटलं.

मी काय बसून न्हाई राहिले. तिला घेऊन कचेरीत गेले, भांडले. साहेब म्हणाले, सोपं हाय. गटाच्या अध्यक्षानं लिवून द्यायचं, की आमच्या यादीतलं उत्पन्न चुकीचं हाय. तेवढा कागद आला की मी नाव परत घेतो. मनुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, देते की.

आन् दिला न्हाई.

का दिला न्हाई, ते सांगते. शेवयांचं मशीन माझ्या सोप्यात येऊन बसल्यालं. यादी खोटी म्हणून लिवून दिलं असतं, तर मशीन गेलं असतं, गटाचं कर्ज अडलं असतं, आन् माझी अध्यक्षकी गेली असती. गावानं मला खोटारडी म्हणलं असतं. मी म्हणायचे, पुढल्या आठवड्यात. मंग म्हणायचे, बैठक होऊ दे. मंग म्हणायचे, पंचमी होऊ दे. मनुबाईनं तीनदा इचारलं. चौथ्यांदा न्हाई इचारलं. ती मागणारी बाईच न्हवती.

त्या बदली मी काय केलं? पावसाळ्यात तिचं छप्पर गळायला लागलं, तर ष्टँडवरला फ्लेक्स उतरवून तिला दिला. मला वाटलं, लय केलं. तिनं तो छपराच्या आतनं ताणून बांधला, पांढरी बाजू वर, अक्षरं खाली. पूजा आडवी पडून वर बघायची. आय, आय.

पगार बंद झाला तसा मनुबाईनं पुरा रोज धरला. जुलैमधी आडसाली उसाच्या लागणीची रोपं जात्यात, रोपवाटिकेत मरणाची घाई असती, तवा वीरधवल नको कशाला म्हणंल. पण ट्रे भरल्याल्या गाड्या ये-जा करायला लागल्या, आन् पूजा त्यांच्यामधी पळायची. तो म्हणाला, हिला घरी ठेवा, चाकाखाली आली तर मी काय करू. त्याचंबी बरोबर व्हतं. मंग मनुबाई पोरीला जेवायला घालून भायेरनं कडी लावून जायला लागली. मला म्हणाली, जरा कान असू दे. म्हणलं, हाय की.

आन् गोळ्या तिनं निम्म्या केल्या. दोनाच्या जागी एक. हे मला म्हाईत न्हवतं. खरं सांगते, न्हवतं. पण मी इचारलंबी न्हवतं.

नागपंचमीच्या दिवशी निम्मं गाव शिराळ्याच्या जत्रेला गेल्यालं. बोळात शुकशुकाट. माझे गुडघे धरल्याले, मी घरातच व्हते, मशीन पुसत. दुपारी पूजाची ताटली वाजायला लागली. नेहमीसारखी न्हाई, भराभर, मधी थांबून परत भराभर. मला वाटलं, आज पोरीला सण कळला. मी वरडले, पूजा, दम धर की गं जरा. थोड्या येळानं वाजायची थांबली. मला वाटलं, झोपली.

सांजच्याला मनुबाई कामावरनं आली, कडी काढली. ती वरडली न्हाई. मला हाकबी मारली न्हाई. मी दिवा लावायला भायेर आले, तर ती उंबऱ्यात बसल्याली, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, पदरानं तिच्या तोंडाचा फेस पुसत. ताटली पायापाशी पडल्याली. टाचा आपटून आपटून पोरीच्या पायाची सालं निघाल्याली. ते वाजवणं न्हवतंच, मला तवा कळलं. डॉक्टर म्हणाला, आकडीवर आकडी आली असणार, तास-दीड तास तरी. येळंत आणली असती तर वाचली असती, म्हणाला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद लिवला. मशीन जाऊ दे, सगळं जाऊ दे, म्हणलं. सही केली, शिक्का मारला आन् बोळ वलांडून गेले. मनुबाई रोपवाटिकेतनं आल्याली. आता परत अर्धाच रोज जाती. वीरधवल इचारतो, आता कशाला एक वाजता घरी जाताय? ती हात धुती आन् निघती.

मी खाली बसले. डोक्यावर फ्लेक्स, त्यातली मनुबाई शाल घेऊन हसत व्हती, खाली मीबी हसत व्हते. मी कागद पुढं केला, तर ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तू वाच."

मी वाचलं. मनुबाई लालासाहेब यांचे उत्पन्न आमच्या गटाच्या यादीत चुकीने जादा लिहिले गेले. त्यांना आमच्या माहितीप्रमाणे दुसरा आधार नाही.

तिनं आणखी असंल म्हणून वाट बघितली. मी कागद खाली ठेवला, तवा तिनं इचारलं, "एवढंच व्हतं व्हय? दोन ओळी?"

मी म्हणलं, व्हय. मंग ती उठली आन् माझ्यासाठी चुलीवर चा ठेवला.