लाल बटणाचा थांबा

सुनीता गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या फाट्यावर उभी होते. पोलादपूर सोडून थोडं पुढं आलं की हा फाटा लागतो. सुनीता माझी धाकटी जाऊ. दोन दिवस ताप अंगावर काढून ती शिलाई मशीनवर बसत होती. त्या सकाळी लेकीला महाडच्या गाडीत बसवून घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. महाडला नेलं, तिथून पुढं न्या म्हणाले... नेता नेता वाटेतच संपलं. फोनवर माझा मुलगा एवढंच म्हणाला, "आई, काकी गेली गो." आणि तेवढ्यात समोरून महाडहून खेडला जाणारी एस.टी. आली. खिडकीत साक्षी, सुनीताची लेक; तिलाच उतरवून घ्यायला मी आले होते. तिनं मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, रस्त्याच्या पलीकडं बघितलं... आणि उतरलीच नाही. हाक मारायला हवी होती मी, मारली नाही. कंडक्टर त्या दिवशी नवीन होता, त्यानं घंटी मारली. गाडी कशेडी घाटाकडं निघून गेली आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.

ती का उतरली नाही ते सांगायचं, तर तिची शाळा कशी ठरली ते आधी सांगावं लागेल.

साक्षी चार वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती. अक्षरं आज येतात, उद्या जातात. पाचच्या पुढं मोजायला लावलं की बोटं चावत बसते. पण माणूस एकदा बघितलं की विसरत नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत निभावलं, कारण तिथल्या बाईंनी तिला लेकीसारखी सांभाळली. पुढं काय? माझे दीर मुंबईला कंपनीत, गणपतीला नि शिमग्याला येणारे. ते फोनवर म्हणाले, शहरात अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे, तिथं ठेवू. आणि खरं सांगते, मीसुद्धा त्यांचीच री ओढली. म्हटलं, "अगो सुनीता, किती दिवस कडेवर घेऊन फिरशील तिला?" ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "कडेवर कुठं हाय, आक्का? बोट धरून चालते माझी पोर."

शाळा बघायची तिची रीतच वेगळी होती. ऑफिसात बसून चहा घ्यायची, हो हो म्हणायची आणि मग मधल्या सुट्टीपर्यंत नळाजवळ जाऊन उभी राहायची. मला म्हणायची, "हेडमास्तर काय, सगळेच गोड बोलतात हो. पोरं डबा खातात तेव्हा बघायचं." मी तिच्याबरोबर हिंडले, म्हणून मला माहीत. शहरातली ती राहायची शाळा चांगली होती. स्वच्छ गाद्या, पोटभर जेवण, बोलायला मऊ माणसं. मी तर मनात साक्षीची ट्रंकसुद्धा भरली होती. पण निघताना तिथल्या एका मुलीनं सुनीताचा पदर धरला आणि सोडेचना. कोण कुठली पोर... सुनीता तिच्याजवळ खाली बसली, बराच वेळ बसली. परतीच्या गाडीत एकच वाक्य बोलली, "आक्का, पदर मी सोडवून घेतला बघा." मग पोलादपुरातली शाळा बघितली, घराजवळची. साक्षी तिथं डबा उघडून बसली तर चार मुलं तिच्या चालण्याची नक्कल करून दाखवायला लागली आणि एक सर ते बघून हसले. सुनीतानं डब्याचं झाकण लावलं आणि आम्ही निघालो.

महाडच्या शाळेत आठवड्यातून दोनदा अशा मुलांसाठी वेगळ्या बाई यायच्या. शाळा काही फार मोठी नव्हे, पत्र्याची शेड, मैदानात खडी. मधल्या सुट्टीत मुली लगोरी खेळत होत्या. त्यांच्यात साक्षीसारखीच एक होती. तिला चेंडू लागला तरी ती हटेना, तर दुसरी तिच्या अंगावर धावून गेली, "ए, तू आउट हायस! दर वेळी चीटिंग करतेस! नाय घेणार जा!" मला वाईट वाटलं. मी सुनीताकडं बघितलं तर तिचा चेहरा असा उजळलेला... "आक्का, ऐकलंत? भांडतायत तिच्याशी! खऱ्या भांडतायत!" माझा दंड धरून हलवत होती. तिथंच तिची शाळा ठरली.

मी मात्र नाट लावत राहिले. एकटी पोर एवढ्या लांब गाडीनं येणार कशी? हरवली म्हणजे? सुरुवातीचे काही महिने सुनीताच बरोबर जायची आणि शाळेच्या फाटकापाशी ब्लाउजांना हुक लावत दिवस काढायची. मग तिनं ती पट्टी शिवली. कापडाची, वीतभर, एका अंगाला काजं, दुसऱ्या अंगाला बटणं, साक्षीच्या दप्तराच्या पट्ट्याला टाचलेली. मोजता येत नाही ना, मग मोजायचं नाहीच. पूल आला की निळं बटण लावायचं, पेट्रोल पंप आला की काळं, वड आला की हिरवं. हायवे रुंद करताना तो वड तोडला, तेव्हा पोर हिरवं बटण हातात धरून घरी आली होती रडत. सुनीतानं दुसऱ्या दिवशी ते उसवलं आणि नव्या पुलासाठी पिवळं लावलं. शेवटचं बटण लाल, तिच्या माहेरच्या जुन्या स्वेटरचं. ते कसलीही खूण बघून लावायचं नाही. फाट्यावर आई दिसली की लाल लावायचं आणि उतरायचं. आई तिथं नसेल, असं कधी होणारच नव्हतं ना... म्हणून तिनं तेवढा एकच नियम शिकवला.

पहिल्यांदा साक्षीला एकटीला सोडली, तेव्हा ही बाई त्याच गाडीत मागच्या सीटवर डोक्यावरून पदर घेऊन बसून आली! पोर अर्ध्या वाटेत मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "आई, तू लपलीस का?" अख्खी गाडी हसली. सुनीता मला सांगताना हसून हसून पोट धरत होती.

सुनीता गेली त्या संध्याकाळी कशेडीवरून कंडक्टरनं फोन केला, दप्तरावर नंबर होता. परतीच्या गाडीत बसवून पाठवली त्यांनी तिला. कंडक्टरनं उतरवल्यावर मला पट्टी दाखवून म्हणाली, "मोठी आई, लाल राहिलं. आई नव्हती." मी तिला घरी आणलं. दाराशी माणसं जमली होती. तिला आई दाखवली, हात लावू दिला. ती आईच्या पायांशी बसून एवढंच म्हणत राहिली, "फाट्यावर ये."

दिवसकार्य झालं आणि दिरांनी त्या शहरातल्या शाळेचा फॉर्म काढला. म्हणाले, "वहिनी, तुम्हीच म्हणाला होतात ना तेव्हा?" तो घाव बरोबर लागला. म्हटलं, "म्हणाले होते. चुकले होते." ते म्हणाले, "रोज फाट्यावर कोण उभं राहणार? तुमचे गुडघे बघा." मी म्हटलं, "गुडघे माझे हायत, भावजी, तुमचे नायत." मग ते रडले. तोपर्यंत रडले नव्हते. फॉर्म घडी करून खिशात ठेवला त्यांनी. अजून फाडलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

आता मी जाते फाट्यावर. पहिले काही दिवस गाडीत चढून तिचा हात धरून उतरवावं लागलं. माझ्या पोलक्याचं एक पांढरं बटण मी लालच्या शेजारी शिवलं आणि तिला सांगितलं, हे मोठी आईचं. तिनं चार दिवस त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी गाडी थांबली तेव्हा खिडकीतून दिसलं, मान खाली घालून काहीतरी करते आहे... आपली आपण उतरली. पांढरं लावलेलं होतं. लाल मोकळं.

ते ती लावत नाही. मीही लाव म्हणत नाही. रोज उतरल्यावर ती एकदा रस्त्याच्या पलीकडं बघते, मग माझं बोट धरते. परवा बघितलं तर रोज चाचपून चाचपून लालचा दोरा सैल झालेला, बटण लोंबत होतं. घरी आल्यावर मी सुनीताच्या मशीनच्या खणातून सुई काढली. साक्षी समोर येऊन बसली, पट्टी दोन्ही हातांत घट्ट धरून. "आईचा दोरा कापू नको," म्हणाली. नाही कापला. त्याच दोऱ्यावरून माझा दोरा घातला, चार वेळा, आणि बटण ओढून बघायला तिच्याच हातात दिलं.