धुरकट हेडलाइट आणि आमची रविवारची मंडळी

आमच्या येडगावच्या अंगणात दर रविवारी कुणाची ना कुणाची जुनी गाडी येते. हेडलाइट पिवळे पडलेले, आत बल्ब आहे की नाही तेही कळू नये! ते घासायला तीन तास लागतात, आणि तीन तास गप्प बसायची आमच्यात कुणाला सवय नाही. त्यामुळे दिवे साफ होतात आणि किस्से साठत जातात. आठवतील तसे सांगतो, मधे बोलू नका!

*

सुरुवात माझ्यापासूनच झाली. सेकंडहँड गाडी घेतली. सगळं ठीक, फक्त दिव्यातून उजेड बाहेर येईना. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला: टूथपेस्ट लावा आणि घासा. घासली! अख्खी मोठी ट्यूब संपली तेव्हा कुठं एक दिवा जरा उजळला.

सकाळी आमची मंडळी, म्हणजे बायको सुनीता, ब्रश घेऊन मोरीपाशी उभी. ट्यूब पिळतेय, पिळतेय. मग अंगणात आली, गाडीकडं पाहिलं नि म्हणाली, "हिचे दात घासून झाले असतील तर चूळ भरायला पाणी आणू का?"

पंधरा दिवसांत तो दिवा पुन्हा पिवळा पडला. ट्यूब मात्र मला अजून ऐकवली जाते.

*

मग सलीमभाई भेटले. जुन्नरचे. आयुष्यभर ट्रक रंगवले, आता गुडघ्यांमुळं काम सोडलंय. ते म्हणाले, "पेस्ट दातांना ठेव. आधी ओल्या पॉलिशपेपरनं वरचा थर काढायचा, मग पॉलिश, मग वरनं लॅकरचा पारदर्शक थर." तेव्हापासून ते उस्ताद आणि मी पाणी ओतणारा.

पण पेपर मारला की दिवा आधी पांढराफटक होतो, हे आम्हाला ठाऊक, गाडीवाल्याला नाही. शिनोलीचा दत्तू, माझा शाळेतला दोस्त, चहा पिऊन बाहेर आला आणि दिवे पाहून मटकन खालीच बसला. "भाई, आंधळी केली राव माजी गाडी!"

भाईंनी मान वर केली नाही. "दत्तूशेठ, दाढीचा फेस बघून कुनी रडतं का?"

*

त्याच गाडीचे दिवे दत्तूनं पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वतःच घासले. लॅकर उद्या मारू म्हणाला, झोपला. सकाळी वहिनींनी गाडीची पूजा केली. झेंडूची माळ घातली आणि मोठ्या मनानं दोन्ही दिव्यांना ओली हळद फासली. ताजं घासलेलं प्लास्टिक ते, हळद प्यायलंच! दत्तूनं साबण लावला, लिंबू चोळलं. काही उपयोग नाही.

फोनवर पार रडकुंडीला आला. "भाई, आदी व्हतं त्याच्यापेक्षा पिवळं झालं!"

भाई म्हणाले, "हळद लागली ना? मग आता वरात घेऊन इकडंच ये."

*

वरात आली. भाईंनी दिवे लख्ख करून दिले. चार दिवसांनी दत्तू पुन्हा हजर, चेहरा उतरलेला.

"उसाच्या कडेला बिबट्या दिसला. मिशांसकट!"

"मग बरंच झालं की, दिसला ते," भाई म्हणाले.

"कसलं बरं! धा वर्सं त्याच रस्त्यानं जातोय, कदी दिसला नाय, लई सुखात व्हतो. जरा पिवळे करून द्या राव!"

*

आता निमगाव सावाच्या बापूंचं ऐका. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांचे दिवे आम्ही एका महिन्यात तीनदा घासले. तरी बापूंचं एकच, "अजून धुरकटच दिसतंय रं." मी भीत भीत म्हणालो, "बापू, एकदा डोळे दाखवा ना." तर म्हणाले, "डोळ्यांना काय धाड भरलीय?"

दिव्यांची एवढी घाई होती ती वेगळ्याच कारणानं. बापूंचा पुण्याचा मुलगा, विकास, येणार होता. संध्याकाळी शेजारी बसून बापूंचं ड्रायव्हिंग बघणार, आणि नीट वाटलं नाही तर चावी घेऊन जाणार. बापू आणि त्यांची बायको आक्का बाजारात, शेतात, ओतूरला बहिणीकडं, सगळीकडं त्या गाडीनंच जातात. चावी गेली की दोघं घरात कोंडलीच. मला फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगतो, भीतीही वाटत होती.

दिवेलागणीला निघालो. पुढं बापू आणि विकास, मागं आक्का आणि मी. बापू अगदी झोकात. आक्का खोकल्या. गाडी डावीकडं सरकली आणि बाजूनं ट्रॅक्टर गेला. आक्का दोनदा खोकल्या. बापूंनी ब्रेक मारला आणि पुढून म्हैस गेली. मी आक्कांकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावून माझ्यावर असे डोळे वटारले की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

घरी आलो. विकास उतरला, दिव्यांवरून हात फिरवला आणि चावी बापूंच्या हातात दिली. "दिवे मस्त झालेत, बाबा. गाडी पण चांगली चालवता. राहू द्या तुमच्याकडंच."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तो आक्कांकडं वळला.

"पण आई, तुझा खोकला लई वाढलाय. उद्याच डॉक्टरकडं जाऊ. दोन दिवसांत बंद होईल."

आक्कांनी तोंड उघडायच्या आत बापू ओरडले, "खोकल्याला कुनी हात लावायचा न्हाई!"